दहा वर्षांची मुलगी स्क्रॅचमध्ये नुसती नक्कल करते, स्वतःचं काही करायला काय द्यावं?

चारकोपकर:

मुलगी पाचवीत आहे. मे महिन्यात स्क्रॅचचा (पडद्यावर ब्लॉक जोडून प्रोग्राम बनवायचा) क्लास लावला होता. मांजर पळवणं, सफरचंदं झेलणं, चक्रव्यूह असे बरेच खेळ तिने 'केले', पण सगळे व्हिडिओ थांबवत, समोर दिसेल तो ब्लॉक तसाच लावून. मनाने काही कर म्हटलं की पात्राचा रंग बदलते, मागचं चित्र बदलते आणि उठते. रिपीट, इफ-एल्स ओळखते. व्हेरिएबल म्हणजे स्कोअर, यापुढे गाडी गेलेली नाही.

तिला रांगोळी आवडते, लोकलमध्ये बसली की स्टेशनांच्या भेंड्या लावते, आणि दिवाळीचा कंदील विकत आणायचा नाही हा दरवर्षीचा हट्ट. घरी विंडोज १० चा जुना लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅमचा. आम्हा दोघांनाही कोडिंग येत नाही.

डोकं चालवावं लागेल असं नेमकं काय द्यावं? क्लासवाले म्हणतात आता पायथॉन (ब्लॉकऐवजी टाइप करून लिहायची भाषा) घ्या, ती घाई आहे का? आणि ते छोटे बोर्ड मिळतात, दिवे वगैरे लावायचे, त्यांचा खरंच उपयोग होतो की दोन दिवसांत माळ्यावर जातात?

ठिपक्यांची_ओळ:

रांगोळी आवडते म्हणता, मग तिथूनच सुरू करा. बिघडली की डोळ्यांना लगेच दिसतं, आणि बरोबर कशी दिसायला हवी हे तिला आधीपासून माहीत आहे. व्हिडिओवरून उतरवलेल्या खेळात नेमकं हेच नसतं. चुकलंय की नाही हेसुद्धा व्हिडिओच सांगतो.

आधी लॅपटॉप बंद. चौकटीच्या कागदावर ७ ते ४ चे ठिपके मांडू द्या: ४, ५, ६, ७, ६, ५, ४, एकूण ३७. मधल्या ओळीचा मधला ठिपका म्हणजे शून्य, आणि शेजारच्या दोन ठिपक्यांत अंतर ४०. आता तिला विचारा, प्रत्येक ओळीचा पहिला ठिपका शून्याच्या किती डावीकडे येतो? ७ च्या ओळीत १२०, ६ च्या १००, ५ च्या ८०, ४ च्या ६०. एक ठिपका कमी झाला की ओळ २० ने आत येते, हे तिने स्वतः शोधायचं. तुम्ही सांगितलंत तर प्रकल्पातली निम्मी मजा तुम्हीच खाल्लीत. सूत्र असं: ठिपक्यांतून १ वजा करा, उणे २० ने गुणा. ओळींमधलं उभं अंतर ३५ घ्या. तिथेही ४० घेतलं तर रांगोळी उभट दिसते, कारण ठिपके समभुज त्रिकोणात बसायला ३४.६ च्या आसपास लागतात.

मग स्क्रॅच. पेनचे ब्लॉक सुरुवातीला दिसत नाहीत. खाली डाव्या कोपऱ्यातलं निळं बटण दाबून 'पेन' जोडून घ्यावं लागतं. पडदा ४८० रुंद आणि ३६० उंच, मधोमध शून्य, म्हणजे आपली रांगोळी आरामात मावते.

'माय ब्लॉक्स'मध्ये 'ओळ काढ' नावाचा ब्लॉक करायचा. त्याच्या आत: 'सेट एक्स'मध्ये वरचं सूत्र, मग 'ठिपके' इतक्या वेळा रिपीट, आणि रिपीटच्या पोटात पेन डाउन, पेन अप, चेंज एक्स बाय ४०. पेन टेकवून लगेच उचललं की ठिपका उमटतो. पेनची जाडी ८ ठेवा.

मुख्य भाग हिरव्या झेंड्याखाली: पेन अप, इरेज ऑल, गो टू एक्स ० वाय १०५, 'ठिपके' हे व्हेरिएबल (नाव दिलेला, बदलत राहणारा आकडा) ४ वर सेट. मग ३ वेळा: ओळ काढ, ठिपके १ ने वाढव, वाय ३५ ने कमी कर. मग ४ वेळा: ओळ काढ, ठिपके १ ने कमी कर, वाय ३५ ने कमी कर. (मी इथे मराठी आकडे लिहितेय. ब्लॉकच्या आकड्यांच्या खिडकीत इंग्रजीच टाकावे लागतात.)

स्कोअरपलीकडचं व्हेरिएबल इथे आपोआप समजतं. सगळं नीट चालल्यावर 'ठिपके ४ वर सेट' हा ब्लॉक मुद्दाम काढून टाकायला सांगा आणि झेंडा पुन्हापुन्हा दाबू द्या. रांगोळी दर वेळी लहान होत जाईल, कारण शेवटची ओळ काढल्यावर व्हेरिएबल ३ वर थांबलेलं असतं आणि पुढची फेरी तिथूनच सुरू होते. झेंडा दाबला म्हणून स्क्रॅच सगळं पुसून टाकत नाही. व्हेरिएबल, पात्राची जागा, दिशा, पेन खाली की वर, सगळं मागच्या वेळचं तसंच राहतं. नवशिक्या मुलांच्या चुका बहुतेक याच कुळातल्या असतात. पडद्यावर कोपऱ्यातून मध्यापर्यंत एक आगाऊ रेघ आली तर पेन खाली असताना 'गो टू' झालेलं आहे. पेन अप सगळ्यात वर हवं ते यासाठीच.

ठिपके झाले की पाकळ्या. एक पाकळी म्हणजे दोनदा: ६० वेळा (२.१ पावलं चाल, १ अंश उजवीकडे वळ), मग १२० अंश उजवीकडे वळ. असं केलं की पात्र निघालं तिथेच, त्याच दिशेला तोंड करून परत येतं. अशा सहा पाकळ्या, प्रत्येकीनंतर ६० अंश वळायचं. सुरुवात शून्य-शून्यवरून, जाडी ३, रंग दर पाकळीला १६ ने बदला. पेनच्या रंगाचं चक्र १०० चं असतं, त्यामुळे सहा पाकळ्यांत जवळजवळ सगळे रंग येतात. २.१ का, तर तेवढ्याने पाकळीची लांबी १२० भरते आणि टोक कोपऱ्यातल्या ठिपक्यावर टेकतं.

एकूण ७२० पावलं, स्क्रॅच सेकंदाला ३० फेऱ्या मारतो, म्हणजे २४-२५ सेकंद लागतात. पहिल्यांदा तेवढा वेळ बघू द्या. नंतर घाई असेल तर शिफ्ट दाबून झेंडा दाबला की टर्बो मोड.

पुढे ती स्वतःच आकडे बदलायला लागेल. ६० आणि १२० ऐवजी ९० आणि ९० केलं तर पाकळी फुगते पण बंद होते. ६० आणि १०० केलं तर उघडी राहते आणि सगळं फूल भरकटतं. दोन्हींची बेरीज १८० का लागते यावर तिला आठवडाभर डोकं खाजवू द्या, उत्तर देऊ नका. १५ ते ८ करायची असेल तर अंतर २० वर आणा, नाहीतर पडद्याबाहेर जाईल.

मुलुंडची_मावशी:

वरच्याला अनुमोदन. फक्त घरच्यांसाठी थोडं.

माउस तिच्याच हातात राहू द्या. तुम्हाला कोडिंग येत नाही हे इथे फायद्याचंच आहे, कारण तुम्हाला उत्तर देताच येणार नाही. अडली की दोनच प्रश्न: तुला काय व्हायला हवं होतं? प्रत्यक्षात काय झालं? मग लांबलचक रचना मधून तोडायची आणि तुकडा वेगळा क्लिक करून बघायचा. स्क्रॅचमध्ये कुठलाही सुटा ब्लॉक क्लिक केला की तेवढाच चालतो, झेंडा दाबायची गरज नसते. क्लासमध्ये हे सहसा कोणी सांगत नाही.

नक्कल वाईट नाही हो. पण नक्कल झाल्यावर एक ब्लॉक काढायचा, काय बिघडेल ते आधी कागदावर लिहायचं आणि मग चालवायचं. केलेल्या जुन्या खेळांवर हे आजच सुरू करता येईल.

आणि फाईल! खातं नसेल तर आपोआप काही साठत नाही. 'फाईल'मधून 'सेव्ह टू युवर कॉम्प्युटर', आणि नाव दर वेळी नवं: रांगोळी१, रांगोळी२. बिघडलेली आवृत्तीसुद्धा ठेवा. स्क्रॅचचं ॲप मोफत उतरवून घेता येतं, मग इंटरनेट गेलं तरी काम अडत नाही. ४ जीबीत चालतं, बाकीचे टॅब तेवढे बंद ठेवा.

फास्ट_लोकल:

भेंड्या हा जबरदस्त प्रकल्प आहे, पण मराठीत करायला गेलं की एक गंमत होते, ती आधीच सांगतो.

वरवर सोपं वाटतं: खेळाडूने स्टेशनचं नाव लिहायचं, त्याचं शेवटचं अक्षर काढायचं, यादीतून त्या अक्षराचं स्टेशन शोधून कॉम्प्युटरने उत्तर द्यायचं. दादर दिलं की र, म्हणून रे रोड. रे रोडचा ड, म्हणून डॉकयार्ड रोड. इथवर ठीक. आता खेळाडूने ठाणे लिहिलं. 'लेंग्थ ऑफ ठाणे' विचारा, स्क्रॅच ४ सांगेल. चौथं अक्षर विचारा, नुसती मात्रा हातात येईल, ण नाहीच. स्क्रॅच काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळं सुटं सुटं अक्षर म्हणून मोजतो. मुलीला हे सांगू नका, 'से' ब्लॉकमध्ये एकेक अक्षर काढून तिलाच बघू द्या.

यावर तोडगा असा. 'चिन्हं' नावाची यादी करायची आणि त्यात ही सुटी चिन्हं भरायची. कीबोर्डवर नुसती मात्रा टाइप करायला जिवावर येतं, म्हणून स्क्रॅचकडूनच काढून घ्यायची: 'का'चं दुसरं अक्षर यादीत टाक, 'कि'चं दुसरं, 'की'चं दुसरं, अशी बाराखडी कः पर्यंत. वर कॅ आणि कॉ. मग:

'जागा' हे व्हेरिएबल नावाच्या लांबीवर सेट करा. जोपर्यंत 'जागा'वरचं अक्षर 'चिन्हं' यादीत आहे तोपर्यंत जागा १ ने कमी करा. स्क्रॅचमध्ये 'रिपीट अनटिल' आहे, म्हणजे अट उलटी, 'नॉट' लावून. थांबलं की ते खरं अक्षर. वांद्रेचा र बरोबर येतो, महालक्ष्मीचा म बरोबर येतो. सुरुवातीच्या अक्षराला मात्र काही करावं लागत नाही. 'लेटर १ ऑफ रे रोड' नुसता र देतो, तिथे हा सुटेपणा आपल्याच फायद्याचा.

त्यानंतर भेंड्यांचे नियम येतात, आणि ते तिला तोंडपाठ असणार. लोअर परळ आणि विक्रोळी ळ वर संपतात, ळ वरून स्टेशन नाही, म्हणून ळ आला की ल. कल्याण आणि ठाणे ण वर, म्हणून ण आला की न, मग नाहूर, नेरळ, नालासोपारा चालतात. हे दोन साधे 'इफ'. सगळ्यात वाईट खोड 'रोड'ची: चर्नी रोड, ग्रँट रोड, माटुंगा रोड, खार रोड, मीरा रोड, वसई रोड, सगळे ड वर येऊन आपटतात, आणि ड वरून डॉकयार्ड रोड, डोंबिवली, डहाणू रोड एवढंच सुचतं. त्यातलीही दोन पुन्हा ड वरच संपणार! शेवटचा 'रोड' धरायचा की सोडायचा हे तिने ठरवावं. खेळ कसा असावा हा निर्णय मुलाने घेतला की प्रकल्प त्याचा होतो, निळे-पिवळे ब्लॉक कुठून उचलले याला महत्त्व नाही.

कॉम्प्युटरची पाळी: 'क्रमांक' १ वर सेट, यादीच्या लांबीइतक्या वेळा रिपीट. क्रमांकावरच्या नावाचं पहिलं अक्षर जुळतं का, आणि ते 'वापरलेली' यादीत नाही ना? दोन्ही खरं असेल तर बोल, 'वापरलेली'त टाक, थांब. दर फेरीला क्रमांक १ ने वाढव. स्क्रॅचच्या यादीत पहिली वस्तू १ क्रमांकाची असते. पुढे पायथॉनमध्ये ती ० होते, तेव्हा गडबडू नये.

कुठे फसतं: 'वापरलेली' यादी सुरुवातीला 'डिलीट ऑल'ने रिकामी केली नाही तर दुसऱ्या खेळात कॉम्प्युटर लगेच हरतो. कीबोर्डने सुचवलेला शब्द निवडला तर शेवटी एक जागा सुटते, आणि 'दादर' यादीत असूनही सापडत नाही. असं झालं की उत्तराच्या दोन्ही बाजूंना 'जॉइन'ने चौकटी कंस लावून 'से' करा, लपलेली जागा दिसते. आणि 'किती फेऱ्या खेळायच्या?' असं विचारलं, मुलीने मराठी ५ टाइप केला, तर स्क्रॅचला तो आकडा वाटत नाही आणि रिपीट शून्य वेळा चालतं.

आवाजही घालता येतो. 'साउंड्स'मध्ये तिच्याच आवाजात 'पुढील स्टेशन, दादर' रेकॉर्ड करायचं, आवाजाला नाव 'दादर' द्यायचं आणि 'प्ले साउंड अनटिल डन'च्या खिडकीत यादीतलं नाव टाकायचं. नावात एका वेलांटीचा फरक पडला तरी आवाज येत नाही, आणि एररही दिसत नाही. 'अनटिल डन' नसलेला ब्लॉक घेतला तर सगळी स्टेशनं एकमेकांवर बोलतात.

पंधरा-वीस स्टेशनांवर सुरू करा. अख्खी पश्चिम, मध्य आणि हार्बर पहिल्याच दिवशी भरायला घेतली तर ती टाइप करून दमेल आणि खेळ राहून जाईल.

चारकोपकर:

सगळ्यांचे आभार. ठिपके बरोबर आले, ३७ मोजून घेतले तिने. रांगोळी लहान होत जाते तो प्रकार तर इतका आवडला की तो ब्लॉक परत लावायलाच तयार नाही. पाकळ्यांची मात्र अडचण आहे. टोकं कोपऱ्यातल्या ठिपक्यांवर न येता बरोबर दोन कोपऱ्यांच्या मध्ये येतात. लांबी ठीक वाटते. पात्राची दिशा ९० आहे, ती चुकीची आहे का? तिने अंदाजाने ८०, ७० करून बघितलं, टोक सरकतं पण पूर्ण जुळत नाही.

ठिपक्यांची_ओळ:

अगदी योग्य ठिकाणी अडली आहे. दिशा मुद्दामच लिहिली नव्हती.

पाकळीची एक बाजू म्हणजे वळत वळत चाललेली वाट. निघताना तोंड एका दिशेला, पोचताना ६० अंश उजवीकडे वळलेलं. मग टोक नेमकं कुठे? मधोमध, म्हणजे निघालेल्या दिशेच्या ३० अंश उजवीकडे. ९० वरून निघाली तर टोक १२० ला जातं. आपला कोपऱ्यातला ठिपका सरळ उजवीकडे आहे, म्हणजे ९० ला. मग निघायचं कुठून? हे वाक्य तिथेच सोडा, ८० आणि ७० करून बघितलंय म्हणजे पुढचा आकडा तिचा तिलाच सापडेल. पाकळ्या सुरू करण्याआधी 'पॉइंट इन डिरेक्शन' लावायला मात्र सांगा, नाहीतर मागच्या प्रयोगातली दिशा उरते आणि जुळलेलं पुन्हा बिघडतं.

शेवटी जुळवाजुळवीत केसाएवढा फरक राहील. आपण ३४.६ ऐवजी ३५ घेतलंय, काही अंशी त्याचा तो. जाडी ३ ची रेघ तो झाकते.

सोल्डरगन:

बोर्ड आणि कंदिलाबद्दल.

कारण हातात असेल तरच बोर्ड माळ्यावर जात नाही. तुमच्याकडे कंदील आहे, म्हणून हो. मायक्रोबिट घ्या, शक्यतो दुसरी आवृत्ती, तिच्यात स्पीकर आणि माइक बोर्डवरच आहेत. पण विकत घ्यायच्या आधी मेककोडच्या (याच बोर्डासाठी ब्लॉकने प्रोग्राम लिहायच्या) वेबसाइटवर जाऊन प्रोग्राम लिहा. तिथे पडद्यावरच खोटा बोर्ड असतो, उजेड कमी-जास्त करून बघता येतो. स्क्रॅच येणाऱ्या मुलाला तिथले ब्लॉक नवीन वाटत नाहीत. प्रोग्राम तिथे चालला, तिचा उत्साह टिकला, मगच खर्च करा.

कल्पना अशी: अंधार पडला की कंदील आपोआप लागेल, उजाडलं की विझेल, आणि लागल्यावर तीन दिवे एकामागून एक पळतील.

सामान: मायक्रोबिट, दोन ट्रिपल ए सेलचा डबा, ५ मिलिमीटरचे तीन एलईडी, दिव्यातून जाणारा प्रवाह आवरायला २२० ओहमचे तीन रेझिस्टर (लाल, लाल, तपकिरी पट्टे, शेवटी सोनेरी), आणि सात-आठ क्रॉकोडाइल क्लिपच्या वायरी. लॅमिंग्टन रोडला सगळं मिळतं, ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. रेझिस्टर एक-एक कोणी देत नाही, दहाची पट्टी घ्या, खर्च नगण्य.

एलईडी लाल, पिवळे किंवा नारिंगीच घ्या. पांढरे आणि निळे सुंदर दिसतात म्हणून लोक तेच उचलतात आणि घरी ते मिणमिणतात. लाल दिव्याला साधारण २ व्होल्ट पुरतात, पांढऱ्याला ३ च्या आसपास लागतात, आणि दोन सेल मिळून आपल्याकडे आहेतच ३. लाल दिव्याला २ गेले, उरलेला १ व्होल्ट २२० ओहमवर पडतो, म्हणजे सुमारे साडेचार मिलिअँपिअर. छोट्या कंदिलाला तेवढं पुष्कळ. एका पिनवर एकच दिवा.

जोडणी: पिन ० वरून वायर, रेझिस्टर, दिव्याचा लांब पाय. आखूड पाय जीएनडीला (ग्राउंड, बोर्डाच्या कडेला तसं लिहिलेलं असतं). तसंच पिन १ आणि २ ला. तिन्ही आखूड पाय एकत्र पिळून एकच वायर जीएनडीला नेली की गुंता कमी होतो. दिवा लागत नसेल तर आधी पाय उलटे करून बघा. क्लिप तिरकी लावली तर शेजारच्या बारीक पट्ट्यांना टेकते आणि भलतंच काही होतं, म्हणून सरळ आणि भोकातून धरा.

आता खरी मजा. बोर्डावरचे २५ दिवेच उजेड मोजायला वापरले जातात, उत्तर ० ते २५५. आधी एक छोटा प्रोग्राम: ए बटण दाबलं की 'लाइट लेव्हल'चा आकडा दाखव. बोर्ड गॅलरीत जिथे कंदील टांगणार तिथे धरून संध्याकाळी पाचला आणि अंधार पडल्यावर आकडे वहीत लिहायचे. दुसऱ्याच्या घरचा आकडा वापरू नका. चाळीच्या कॉमन गॅलरीत रात्रभर दिवा असतो, टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर नसतो.

समजा तिने लिहिलं: उजेड ५० पेक्षा कमी असेल तर दिवे लाव, नाहीतर विझव. अंधार पडला की कंदील वेड्यासारखा फडफडेल. दिवे लागले, त्यांचा उजेड बोर्डावर पडला, आकडा ५० च्या वर गेला, दिवे विझले, अंधार झाला, पुन्हा लागले. प्रोग्रामात 'चूक' नाहीच, म्हणून शोधायला अवघड. उपाय दोन, आणि दोन्ही करा. बोर्डाचं तोंड कंदिलाबाहेर, दिवे आत, मध्ये जाड कार्डशीट. आणि प्रोग्रामात दोन वेगळ्या रेषा: ३० च्या खाली गेलं तर 'चालू' हे व्हेरिएबल १ करा, ८० च्या वर गेलं तर ० करा, मधल्या टापूत हात लावू नका. ३० आणि ८० ऐवजी तिच्या वहीतल्या आकड्यांवरून ठरवा. फ्रिज आणि गिझरचे थर्मोस्टॅट याच पद्धतीने चालतात.

दिवे पळवायला: 'चालू' १ असेल तर पिन ० ला १, ३०० मिलिसेकंद थांब, पिन ० ला ०, मग पिन १, मग पिन २. 'नाहीतर'च्या भागात तिन्ही पिना ० करायला विसरू नका.

लॅपटॉपला जोडल्यावर मायक्रोबिट नावाचा ड्राइव्ह दिसायला हवा, उतरवलेली हेक्स फाईल त्यात टाकायची. ड्राइव्ह दिसतच नसेल तर दहापैकी नऊ वेळा केबल फक्त चार्जिंगची असते. मायक्रो यूएसबीची डेटावाली केबल लागते. जुन्या फोनची असेल तर ती लावून बघा.

कागदासाठी अब्दुल रहमान स्ट्रीट, आकार बघायला माहीमची कंदील गल्ली. आणि घरच्या २३० व्होल्टच्या माळेला, होल्डरला यातलं काहीही जोडायचं नाही. 'रिले लावून मोठा बल्ब करू का?' असं ती विचारणार, आत्ता सरळ नाही म्हणा.

दोन_घास:

मध्येच विचारतो. धाकटा सहा वर्षांचा आहे, अजून जोडाक्षरं धड वाचत नाही. त्याला काय?

मुलुंडची_मावशी:

स्क्रॅच ज्युनिअर, टॅब्लेटवर. पाच ते सात वर्षांसाठीच केलेलं आहे, ब्लॉकवर चित्रं असतात, वाचावं लागत नाही. ससा-कासवाची गोष्ट चार पानांत करायला सांगा. एकाच प्रकल्पात चारच पानं मिळतात, तेवढी मर्यादा त्या वयाला बरी.

आता चारकोपकरांचा पायथॉन. आत्ताच घेणं ही घाईच आहे. टायपिंगचा हात बसलेला नसेल तर मूल तासभर स्वल्पविराम आणि कंस शोधत बसतं, विचार राहतो बाजूला. रांगोळी आणि भेंड्या स्वतःच्या बळावर पूर्ण झाल्या की मग, आणि तेव्हाही क्लासच्या पहिल्या धड्यापासून नाही. तीच रांगोळी पायथॉनमध्ये. पायथॉनबरोबर टर्टल, म्हणजे रेघ काढत चालणारं कासव, आलेलंच असतं, वेगळं काही उतरवायला नको. १९६७ च्या लोगो भाषेतलं हे कासव, स्क्रॅचचं पेन त्याच घराण्यातलं.

बदल होतो तो दिशेचा. स्क्रॅचमध्ये वर म्हणजे ०, उजवीकडे म्हणजे ९०, आणि आकडा घड्याळाच्या दिशेने वाढतो. टर्टलमध्ये उजवीकडे म्हणजे ० आणि आकडा उलट्या बाजूने वाढतो. त्यामुळे स्क्रॅचमध्ये तिला सापडलेली दिशा ९० मधून वजा करून इथे घालायची, नाहीतर पाकळ्या पुन्हा भलतीकडे. रिपीटचं पोट इथे ब्लॉकने नाही, ओळीच्या सुरुवातीच्या चार मोकळ्या जागांनी कळतं. व्हेरिएबलचं नाव 'ठिपके' असं मराठीत ठेवलं तरी पायथॉन ३ ला चालतं, आकडे मात्र प्रोग्राममध्ये इंग्रजीच.

फाईलचं नाव काहीही द्या, फक्त टर्टल देऊ नका. तसं केलं की पायथॉन स्वतःचं कासव सोडून तुमचीच फाईल उघडतो आणि 'असं काही नाहीच' म्हणून एरर देतो. चित्र पूर्ण होताच खिडकी बंद होत असेल तर शेवटच्या ओळीत टर्टलचं 'डन' राहिलंय.